उसनी हनुवटी

बत्तिशीला हनुवटी नव्हती. अगदीच नव्हती असं नाही, पण देवाने ती देताना हात आखडता घेतला होता. खालच्या ओठानंतर त्याचा चेहरा जो मागे वळायचा तो थेट गळ्यालाच जाऊन मिळायचा. दाढी ठेवून पाहिली, तर ती हनुवटीवर न दिसता मानेवर उगवल्यासारखी दिसली. त्याची आई म्हणायची, "पोटात होता तेव्हापासून यानं तोंडाला विश्रांती दिली नाही, मग हनुवटीला वाढायला सवड कधी मिळणार?"

आईचं म्हणणं शास्त्राला धरून नसलं तरी वस्तुस्थितीला धरून होतं. बत्तिशी बोलायचा. सकाळी डोळे उघडले की तोंड उघडायचा आणि रात्री डोळे मिटले तरी तोंड मिटेलच याची खात्री नसायची. धंदा होता कवळ्या करण्याचा, म्हणून गल्लीने त्याला बत्तिशी हे नाव बहाल केलं होतं. दातांचे डॉक्टर रुग्णांच्या तोंडाचे ठसे पाठवायचे. बत्तिशी त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायचा, मेणात दात रचायचा आणि शेवटी कवळी बायकोच्या हातात द्यायचा. ती पॉलिशच्या मशीनवर बसायची. मशीन घरघरायचं, बत्तिशी बडबडायचा, आणि त्यातलं निम्मंअधिक तिला ऐकूही यायचं नाही. पण त्याचे खांदे हलायला लागले की विनोद झाला हे तिला कळायचं आणि ती हसायची. असा दोघांचा संसार मजेत चालला होता. बडबड बंद झालेलं घर कसं असतं हे तिला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची हौसही नव्हती.

एकदा नवीन जातीचं प्लास्टर आलं. बत्तिशीची पद्धत अशी, की नवं प्लास्टर आधी स्वतःच्या तोंडाच्या ठशात ओतून बघायचं. साचा काढला तर खालच्या जबड्याला डावीकडे, आतल्या बाजूने एक टेंगूळ. बत्तिशीने लगेच प्लास्टरवाल्याला फोन लावून त्याची खरडपट्टी काढली. "हे काय प्लास्टर म्हणायचं का? फुगतंय!" दुसरा साचा काढला, टेंगूळ तिथेच. जुनं प्लास्टर वापरून पाहिलं, तरी टेंगूळ हटेना. मग त्याने जिभेने आतून चाचपलं, बराच वेळ चक्क गप्प बसला, आणि प्लास्टरवाल्याला फोन करून माफी मागितली. तो गप्प बसला तेव्हाच बायकोने पॉलिशचं मशीन बंद केलं होतं.

सर्जनबाई वयाने तरुण, बुटक्या, आणि हात इतके लहान की बत्तिशीने पहिल्याच भेटीत त्यांना सांगून टाकलं, "आमच्या धंद्यात तुमच्या हातांचं सोनं झालं असतं." त्यांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि निकाल आल्यावर तिघांना, म्हणजे बत्तिशी, त्याची बायको आणि तिच्या सासूबाईंना, म्हणजे बत्तिशीच्या आईला, समोर बसवून घेतलं.

"कर्करोग नाही," त्या म्हणाल्या. तिघांचा श्वास एकदम सुटला. "पण ही गाठ हाड पोखरते. नुसती खरवडून काढली तर पुन्हा येते. त्यामुळे हनुवटीच्या जरा अलीकडपासून कानाखालच्या कोपऱ्यापर्यंत डावीकडचं हाड काढावंच लागेल."

"आणि तिथे काय ठेवणार?" सासूबाईंनी विचारलं. "मोकळी जागा?"

सर्जनबाईंनी टेबलाखालून प्लास्टिकचा एक पाय काढला आणि टेबलावर ठेवला. त्या समजावायला लागल्या: नडगीचं जाड हाड आपल्याला पेलतं, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक, लांबट हाड असतं. गुडघ्याकडचा आणि घोट्याकडचा भाग तसाच ठेवून मधला तुकडा काढला तर माणसाचं काही अडत नाही, काही दिवसांत तो चालायला लागतो. ते हाड सरळ असतं आणि जबडा वळणाचा, म्हणून मधे पाचर काढून ते दुमडायचं आणि धातूच्या पट्टीवर स्क्रूने बसवायचं. आणि खरी गंमत पुढेच होती: त्या हाडाबरोबर त्याच्या रक्तवाहिन्याही काढायच्या, आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना भिंगातून बघत शिवायच्या. म्हणजे हाड नव्या जागी जिवंत राहतं, आणि जुन्या हाडाशी सांधून जातं.

बायकोने प्लास्टिकच्या पायावरून नजर काढून घेतली होती. बत्तिशीचे मात्र डोळे लकाकायला लागले होते.

"म्हणजे माझा पाय माझ्या तोंडात!" तो ओरडला. "अगं, ऐकलंस का? आता कोणी म्हणालं की फार बोलतोस, तर सांगायचं, मी कुठे बोलतोय, पायाने जरा फेरी मारतोय!"

"बरंच झालं," सासूबाई म्हणाल्या. "आजवर याचं तोंड चालायचं आणि पाय लोळत पडायचे. आता दोघांना एकत्रच नांदू दे."

सर्जनबाई हसल्या. बायको हसली नाही. तिने एकच विचारलं, "बोलता येईल ना यांना?"

सर्जनबाईंनी प्लास्टिकचा पाय बाजूला ठेवला. "जिभेला मी हात लावणार नाही. जबड्याचे दोन्हीकडचे सांधेही त्यांचेच राहतील. पण खालचे दात वरच्या दातांवर जसे बसतात, तसेच ते शस्त्रक्रियेनंतर बसले पाहिजेत. त्या मापानेच मी हाड कापणार आणि पट्टी वाकवणार. याला चावा म्हणतात; तो चुकला, तर तोंड मिटताना जबडा एका अंगाला जाईल आणि बोलणं बोबडं होईल. बरोबर बसला तर बोलतील. पण ऑपरेशननंतर श्वासासाठी गळ्यात नळी राहील, ती काढल्यावर ते पहिला शब्द बोलत नाहीत तोवर मी वचन देणार नाही."

मग त्या बत्तिशीकडे वळल्या. "तुमच्या दातांत चांदी भरलेली आहे, त्यामुळे स्कॅनमध्ये चावा धूसर दिसतोय. मला दोन्ही जबड्यांचे साचे हवेत, आणि मेणात घेतलेला चावा. तुमच्याच हातचं काम आहे. तुम्हीच करून पाठवा."

इथे सर्जनबाईंची चूक झाली. त्यांना वाटलं, कवळीवाल्याइतका चोख चावा दुसरं कोण घेणार? त्यांना काय ठाऊक, की कवळीवाला जन्मभर लोकांच्या तोंडातलं वाकडं सरळ करत आलेला असतो. डॉक्टरांनी वाकडा ठसा पाठवला तर तो हळूच दुरुस्त करतो, आणि दात पुढे असतील तर मागे घेतो. असा माणूस स्वतःचा चावा घ्यायला बसला तर काय करणार?

बत्तिशीने मेणाची पट्टी दिव्यावर मऊ केली, तोंडात धरली, आरशात पाहिलं, आणि चावताना खालचा जबडा खुशाल पुढे काढला.

साचे बायकोच्या हातात आले, कडा घासून साफ करायला. तिने वरचा आणि खालचा साचा मेणात बसवला आणि तिचे हात तिथेच थांबले. ही दोन जबड्यांची जोडी तिच्या ओळखीची नव्हती. खालचे दात वरच्यांच्या बरोबरीने येऊन उभे होते. लग्नानंतर पहिल्याच दिवशी तिने नवऱ्याचा चावा पाहून ठेवला होता. इतर बायका आधी डोळे बघतात, पण ही कवळ्यांना पॉलिश करणाऱ्याच्या घरात वाढली होती.

"अहो," ती म्हणाली, "चावा पुढे वाटतोय."

"थोडासा," बत्तिशी म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "अगं, एवढ्या लोकांचे चेहरे सुधारले, एकदा स्वतःचा सुधारला तर काय बिघडलं? त्या उघडणारच आहेत, पट्टी नवी, हाड नवं. जरा पुढे बसवलं तर त्यांना काय जड जाणार आहे? हनुवटी येईल मला! या वयात!"

"आणि सांधा?"

"सांधा सरकतो गं. सवय होते त्याला."

"सर्जनबाईंना विचारलंत?"

"त्या नाही म्हणतील," बत्तिशी अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. मग जबडा पुढे काढून तो आरशासमोर उभा राहिला, उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, आणि तिच्याकडे वळून हसला. लहान मुलाला नवे बूट मिळाले की ते जसं पायांकडे बघतं, तसा तो स्वतःकडे बघत होता. एवढं मोठं ऑपरेशन समोर आणि माणूस खुशीत. ती खुशी काढून घ्यायचा तिला धीर झाला नाही. तिने डबा बंद केला आणि म्हणाली, "उद्या मीच नेऊन देते."

दुपारचं जेवण झालं. बत्तिशी आडवा झाला आणि झोपेतही काहीबाही पुटपुटायला लागला. ती त्याच्याकडे बघत उभी होती तेव्हा तिला एकदम सुचलं. जागेपणी माणूस हनुवटी पुढे काढेल, पण झोपेत कोण काढतो?

तिने मेणाची नवी पट्टी मऊ केली, गालाला लावून फार गरम नाही ना ते पाहिलं, आणि पाय न वाजवता त्याच्या उशाशी जाऊन बसली. तर नेमकं त्याच वेळी, आयुष्यात कधी नव्हे ते, बत्तिशीने तोंड घट्ट मिटलेलं! तिने ओठ हळूच बाजूला करून पाहिले. त्याने तिचं बोट चावलं. ती ओठ आवळून कशीबशी गप्प राहिली.

"हे काय चाललंय?" दारातून आवाज आला. सासूबाई.

"आई, हळू!" तिने थोडक्यात सगळं सांगितलं: खोटा चावा, सांधा, बोबडं बोलणं.

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. आपण घडवलेल्या वस्तूत कोणी परस्पर फेरफार करतंय म्हटल्यावर एखाद्या कारागिराच्या चेहऱ्यावर येतो तसा राग त्यांच्या चेहऱ्यावर आला. त्या पुढे आल्या, पदर खोचला, आणि काही न बोलता मुलाचं नाक चिमटीत धरलं. तोंड उघडलं. सुनेने मेण आत सरकवलं. सासूबाईंनी नाक सोडून जबड्याखाली हलकी टिचकी मारली. बत्तिशीने आनंदाने मेण चावलं, दोनदा मिटक्या मारल्या आणि डोळे उघडले.

"काय... तोंडात काय आहे?"

"माशी," बायको म्हणाली आणि मेण बाहेर ओढलं. "गेली बघा."

"मोठी होती," सासूबाई म्हणाल्या.

बत्तिशी कूस बदलून पुन्हा झोपला. बायकोने मागच्या खोलीत जाऊन नव्या मेणात साचे बसवले. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून दातांवर जे सपाट डाग पडलेले असतात, ते वरचे खालच्यांना बरोबर सापडले. तिने डबा भरला. मग दोघी सासवासुना स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की सासूबाईंना उचकी लागली.

हसू ओसरल्यावर मात्र तिला भीती वाटायला लागली. झोपेतला चावा, एका मिटकीत घेतलेला. जबडा केसभर जरी बाजूला गेला असेल तर? आता त्याचं बोलणं चुकलं, तर ती चूक बत्तिशीच्या हौसेची नसेल, तिच्या मेणाची असेल. आणि त्याला तर माहीतही नसेल. तिने दोनदा डबा उघडून पाहिला, दोनदा बंद केला आणि शेवटी नेऊन दिला.

ऑपरेशनला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ गेला. दोन टोळ्या कामाला होत्या, एक पायाशी आणि एक तोंडाशी. सासूबाई बाकावर बसून जाणाऱ्या प्रत्येक नर्सला विचारत होत्या, "पाय वर गेला का?" आणि प्रत्येक नर्स घाबरून आत बघायला जात होती. अंधार पडायच्या सुमाराला सर्जनबाई टोपी काढत बाहेर आल्या, पायात सपाता, डोळे लाल. म्हणाल्या, "पाय गेला वर. हाड गुलाबी आहे, रक्त वाहतंय." सासूबाईंनी त्यांचे दोन्ही छोटे हात धरले आणि सोडीचनात.

आत बत्तिशी झोपला होता. गळ्यात श्वासाची नळी, नाकात पोटात जाणारी नळी, पायाला जाड पट्टी. एक नर्स पेनासारखं यंत्र त्याच्या मानेला लावून ऐकत होती: फुस्, फुस्, फुस्. "पायाच्या हाडाला रक्त पोचतंय त्याचा आवाज," ती म्हणाली. आणि चेहरा? चेहरा असा सुजला होता की डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या आणि खाली, जिथे आजवर काहीच नव्हतं, तिथे एक भली मोठी, गोल, तुकतुकीत हनुवटी उभी होती.

"अगं बाई!" सासूबाई म्हणाल्या. "हा तर माझ्या वडिलांवर गेला!"

बत्तिशी शुद्धीवर आला आणि त्याने पहिली खूण केली ती आरशाची. बायकोने टाळाटाळ केली, तर त्याने नर्सला खूण केली. नर्स भोळी. तिने आरसा दिला. बत्तिशीने सुजलेल्या फटीतून स्वतःकडे पाहिलं. दुसरा कोणी असता तर घाबरून गेला असता. बत्तिशीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने अंगठा वर केला.

बोलता येत नव्हतं, म्हणून बायकोने लहान मुलांची पुसायची पाटी आणून दिली होती. तिच्यावर त्याने पहिला शब्द लिहिला: "झकास!"

तिथून पुढे आनंदीआनंद. बत्तिशी कॉटवर बसला की मान वर, बाजूने उजेड येईल अशी. वॉकर घेऊन पहिल्यांदा चार पावलं टाकायला उठला, तर सगळे पायाकडे बघतायत आणि हा हनुवटी पुढे करून निघालेला. पलीकडच्या कॉटवरच्या ट्रक ड्रायव्हरला त्याने पाटीवर लिहून विनंती केली, "माझा बाजूने फोटो काढा." ड्रायव्हरने काढला, आणि म्हणाला, "काय राव, चेहऱ्याला वजन आहे तुमच्या!" बत्तिशीने पाटीवर लिहिलं, "नवीन आहे." मग नर्सला लिहून विचारलं की टोकदार दाढी शोभेल की गोल. नर्स म्हणाली, टोकदार. त्याने बायकोकडे पाटी फिरवली: "तुला काय वाटतं?"

"दोन्ही शोभतील," बायको म्हणाली आणि खिडकीकडे बघायला लागली.

तिला खरं सांगून टाकावंसं वाटत होतं. रोज येताना ठरवायची, आज सांगायचं. आणि रोज तो नव्या हनुवटीला मलम लावून घेत असायचा. घरी परत गेली की मशीन सुरू करायची, मशीन बंद करायची, आणि बंद केल्यावर कोणी बोलायचं नाही. एकदा एका कवळीवर हात फिरवता फिरवता तिने सवयीने वर पाहिलं, खांदे हलतायत का बघायला. रिकामं स्टूल होतं. तिने कवळी खाली ठेवली आणि जोरात म्हणाली, "बोला हो काहीतरी." मागच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "येईल गं बोलायला." पण त्यांचाही आवाज धड नव्हता.

सूज उतरायला लागली. डोळे उघडले, गाल आत गेले. आणि हनुवटीही, न सांगता न विचारता, रोज थोडी थोडी माघार घ्यायला लागली. बत्तिशीला संशय आला. त्याने पाटीवर लिहून घरून मापाचा कंपास मागवला. रोज सकाळी ओठापासून हनुवटीपर्यंत मोजायचा आणि तोंड पाडून बसायचा.

"कमी होतेय," त्याने लिहिलं.

"सूज उतरतेय," बायको म्हणाली.

त्याने पाटी पुसली, बराच विचार केला आणि लिहिलं, "यात सूज किती आणि हनुवटी किती?"

या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर होतं, पण तिने सासूबाईंकडे पाहिलं, आणि सासूबाईंनी ड्रायव्हरकडे पाहिलं, आणि ड्रायव्हर म्हणाला, "जेवणाची गाडी आली वाटतं."

नळी काढायच्या दिवशी सर्जनबाई स्वतः आल्या. त्यांनी आधी बत्तिशीला तोंड उघडायला लावलं, मिटायला लावलं, कानासमोर दोन्ही बाजूंना बोटं ठेवून सांधे चाचपले. मग नळी काढली, गळ्यावर जाळीदार कापडाची घडी ठेवली आणि हवा तिथून निसटू नये म्हणून बोटाने दाबून धरली.

"आता बोला," त्या म्हणाल्या. "हळू. काहीही बोला."

पलीकडचा ड्रायव्हर उठून बसला. बायकोने कॉटची दांडी धरून ठेवली. इतके दिवस याच शब्दासाठी ती जीव मुठीत धरून होती. तो नीट आला तर तिचं मेण बरोबर, आणि बोबडा आला तर तिने आपल्या हाताने नवऱ्याची बडबड संपवली.

बत्तिशीने घसा खाकरला. ओठ हलवले. आणि घोगऱ्या, जड आवाजात तो म्हणाला,

"हनुवटी कुठंय?"

"जिथे होती तिथेच," सर्जनबाई म्हणाल्या. "तुम्ही पाठवलेल्या चाव्याला तंतोतंत धरून बसवलंय सगळं. फार सुंदर चावा घेतला होतात. माझं अर्धं काम सोपं झालं."

बत्तिशीने सर्जनबाईंकडे पाहिलं. मग कंपासाकडे पाहिलं. मग सावकाश मान फिरवून बायकोकडे पाहिलं.

"मी बदलला," बायको एका दमात म्हणाली. "दुपारी. तुम्ही झोपला होतात. मेण घातलं तोंडात. माशी नव्हती ती. आईंनी नाक धरलं होतं."

"मला यात ओढू नकोस," सासूबाई म्हणाल्या.

सर्जनबाईंचं बोट गळ्यावर तसंच राहिलं, पण भुवया वर गेल्या.

"फसवणूक!" बत्तिशी कडाडला.

आता एक सांगायला हवं. नवी कवळी बसवली की त्यांच्या धंद्यात माणसाकडून मुद्दाम काही अक्षरं वदवून घेतात. "फ" आणि "व" म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना नीट भेटला पाहिजे, "स" शीळ न घालता सुटला पाहिजे, "क" मागून स्वच्छ आला पाहिजे. बायकोने हजारो कवळ्यांच्या पाठीमागे उभं राहून ही अक्षरं ऐकली होती. आणि तिच्या नवऱ्याने एका दमात, एका शब्दात, ती सगळी तिच्या तोंडावर फेकली होती. एकही वाकडं आलं नव्हतं.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

"फसवणूक! विश्वासघात! इतकी वर्षं संसार केला तुझ्याशी आणि तू, माझी सख्खी बायको, झोपलेल्या माणसाच्या तोंडात मेण कोंबतेस? आणि ही माझी आई! जन्मदात्री! नाक धरते?"

"अजून," बायको म्हणाली.

"अजून काय अजून? दाढी ठरवली होती मी! टोकदार! त्या ड्रायव्हरसाहेबांनी फोटो काढलाय माझा! लोकांना काय तोंड दाखवू? आणि तू हसतेस? लाज वाटत नाही?"

"नाही," बायको म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. "जराही नाही. पुढे बोला."

"आता बास," सर्जनबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी एवढं नको. दमाल."

"डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या, "याला थांबवायचं औषध अजून कोणाला सापडलेलं नाही. तुमचं बोट दुखायला लागलं तर मी धरते."

बत्तिशीचं चालूच होतं. त्याने मेणाचा हिशेब काढला, माशीचा काढला, सासरच्या माणसांचा काढला, पॉलिशवाल्यांच्या एकूण जातीचाच काढला. पलीकडचा ड्रायव्हर उशी पोटाशी धरून हसत होता. नर्स दाराशी येऊन उभी राहिली होती. आणि मग, "कृतघ्न, निर्दय, ढोंगी," असं म्हणता म्हणता, बत्तिशी मधेच अडखळला. त्याने हात उचलून डाव्या गालाला लावला, कानाखालून हनुवटीपर्यंत, जिथे त्याच्या पायाचं हाड आत बसलेलं होतं तिथून बोटं हळूहळू फिरवली.

"अगं," तो अगदी हळू म्हणाला, "मी बोलतोय."

"मगाचपासून," बायको म्हणाली. ती त्याच्या कॉटच्या कडेवर बसली, त्याचा हात दोन्ही हातांत धरला, आणि इतक्या दिवसांचं सगळं एकदम फुटून मोठमोठ्याने रडायला लागली. बत्तिशी गप्प झाला. त्याला कळेना, समजूत काढावी की भांडण पुढे न्यावं.

ती रडता रडताच त्याच्या अंगावर ओरडली, "थांबलात कशाला? भांडा की!"